वजन कशावर आहे? (एका गुहेतली संध्याकाळ आणि माझा गणिताचा तास)

आज पाठ नाही, स्वाध्याय नाही. आज एक अनुभव सांगणार आहे. अनुभव गुहेतला आहे, पण सुरुवात वर्गातूनच करावी लागेल.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा आठवडा होता. चौथीचा वर्ग, गणिताचा तास. फळ्यावर मी उदाहरण लिहिलं, ४०२ वजा १७८. आणि एका मुलीला पुढे बोलावलं. तिचं नाव इथे सुमन म्हणू या, खरं नाव वेगळं आहे. सुमनने अंक एकाखाली एक अगदी नीट मांडले आणि ती थांबली. दोनातून आठ जात नाहीत, इथपर्यंत तिला कळत होतं. पुढे खडू हलेना.

"अगं, शेजाऱ्याकडून उसने घे ना!" मी म्हणाले.

ती शून्याकडे बघत राहिली.

"काल तर शिकवलंय. सोपं तर आहे! लक्ष कुठे असतं तुझं?"

वर्ग हसला. सुमनने खडू खाली ठेवला आणि ती जागेवर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. शेजारच्या मुलाने सांगितलं, "बाई, तिच्या पोटात दुखतंय." मग सुट्टीच लागली.

डी.एड. करून नोकरीला लागले त्याला आता अकरा वर्षं झाली. गणिताच्या तासाआधी पोटात दुखतं म्हणजे काय, हे मला कळतं. तरीही मी बॅग भरली आणि फिरायला निघाले.

पाण्याने कोरलेल्या गुहा

आमच्या मिस्टरांना ट्रेकिंगची आवड. सातारा-पुण्याकडच्या आमच्या नऊ जणांच्या ग्रुपने या सुट्टीत मेघालयात जायचं ठरवलं होतं. गुवाहाटीपर्यंत रेल्वे, तिथून शिलाँग आणि पुढे साधारण ५५ किलोमीटरवर सोहरा. सोहरा म्हणजे आपल्या भूगोलाच्या पुस्तकातलं चेरापुंजी. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत तिथे २६,४६१ मिलिमीटर पाऊस पडल्याची नोंद आहे. म्हणजे २६ मीटरपेक्षा जास्त पाणी! मुलांना सांगताना मी नेहमी म्हणते, आपली शाळा बुडून वर आठ मजले होतील एवढं.

आता बघा, आपल्या सह्याद्रीत गुहा म्हटलं की कार्ले, भाजे, अजिंठा आठवतात. ती लेणी माणसाने छिन्नी-हातोड्याने काळ्या बेसॉल्ट खडकात कोरली. मेघालयातल्या गुहा पाण्याने कोरल्यात. तिथे चुनखडीचा खडक आहे. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड मिसळतो, पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि असं पाणी चुनखडी हळूहळू विरघळवत जातं. भेगेची फट होते, फटीची वाट होते, आणि हजारो-लाखो वर्षांत त्या वाटेची गुहा होते. खासी भाषेत गुहेला 'क्रेम' म्हणतात.

सोहऱ्याजवळच्या क्रेम मॉम्लूह या गुहेला तर पृथ्वीच्या इतिहासात जागा मिळाली आहे. तिथल्या चुन्याच्या एका जुन्या खांबाच्या थरांत सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळाच्या खुणा सापडल्या. त्यावरून २०१८ मध्ये भूशास्त्रज्ञांनी आपण जगतोय त्या कालखंडाला 'मेघालयन' असं नाव दिलं. जिथे एवढा प्रचंड पाऊस, तिथल्याच दगडात दुष्काळाची नोंद! वर्गात सांगायला किती छान गोष्ट आहे, नाही का?

पण आम्हाला उतरायचं होतं ती गुहा पर्यटकांची नव्हती. तिचं तोंड म्हणजे जंगलातली एक उभी विहीरच, सुमारे ३० मीटर खोल. तिथे जायला गावच्या प्रमुखाची, म्हणजे रंगबाह श्नोंग यांची, परवानगी घ्यावी लागली. गुहेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. वाचून कोणी दोरी घेऊन निघू नये एवढ्यासाठी. आम्हीही निघण्याआधी साताऱ्याजवळच्या एका कड्यावर जाणकारांच्या हाताखाली दोन शनिवार-रविवार सराव केला होता.

दोरी एकच

या पद्धतीला 'सिंगल रोप टेक्निक' म्हणतात. खाली उतरायचं ते एका दोरीवरून, आणि वर चढायचं तेही त्याच दोरीवरून. वरून कोणी ओढून घेत नाही. तुमचं तुम्हीच यायचं.

एकच दोरी म्हटल्यावर मला धडकीच भरली होती. पण सगळी काळजी त्या एका दोरीचीच घेतात. दोरी फार न ताणली जाणारी, नायलॉनची, बाहेरून विणलेलं कवच असलेली. वर ती एकाच जागी नाही, दोन जागी बांधतात, म्हणजे एक जागा सुटली तरी दुसरी धरते. खालच्या टोकाला गाठ मारतात, म्हणजे दोरी संपली तरी माणूस निसटत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोरी खडकाला घासू द्यायची नाही. जिथे घासेल असं वाटतं तिथे मध्येच खडकात तिला पुन्हा बांधून घेतात. याला 'रीबिले' म्हणतात. म्हणजे दोरीचे दोन तुकडे नसतात, पण चढणाऱ्याला मध्येच एक स्टेशन लागतं आणि तिथे गाडी बदलावी लागते.

अंगावर हार्नेस. उतरायला डिसेंडर. चढायला दोन साधनं. एक हातात धरायचं जुमार, त्याला पाय ठेवायला दोरीचा फास लटकवलेला असतो. दुसरं पोटाच्या वर हार्नेसला अडकवलेलं छोटं क्रोल. दोन्ही साधनं दोरीवर फक्त वरच्या दिशेने सरकतात, खाली घसरत नाहीत. वायरी बांधायची प्लॅस्टिकची पट्टी कशी एकाच बाजूने सरकते, तसंच. शिवाय कमरेला दोन छोट्या दोऱ्या, टोकाला कॅराबिनर. स्टेशन आलं की आधी त्यातली एक खडकातल्या कडीला अडकवायची, मगच बाकीचं काम.

चढणं म्हणजे बसणं आणि उठणं. क्रोलवर बसायचं, पाय पोटाशी घ्यायचे, जुमार वर सरकवायचं, पायाच्या फासावर उभं राहायचं, पुन्हा बसायचं. एका वेळेला फूटभर. ३० मीटर म्हणजे अशा सुमारे शंभर बैठका!

अंधाराच्या आत अंधार

आमच्यातल्या जाणकारांनी दिवसभर आत उतरून दोरी लावली, तपासली. आम्हा नवख्यांची पाळी आली संध्याकाळी. नोव्हेंबरात तिथे साडेचार-पावणेपाचलाच सूर्य मावळतो. आपल्या पाचवीच्या मुलांना हे गणित जरूर द्या. सातारा साधारण ७४ पूर्व रेखांशावर, सोहरा ९२ च्या जवळ. फरक १८ अंश. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे ७२ मिनिटं. घड्याळ मात्र सगळ्या देशाचं एकच.

"रात्री उतरायचं?" मी विचारलं.

आमच्याबरोबर असलेला गावातला वाटाड्या हसला आणि म्हणाला, "काँग, आतमध्ये सकाळ कधी होते?" काँग म्हणजे ताई. त्याचं बरोबरच होतं.

प्रत्येकाकडे तीन दिवे होते. एक हेल्मेटवर, दोन खिशात. मी काठावर बसले, डिसेंडर तपासलं, शिकवणाऱ्या मुलाने पुन्हा तपासलं. वय त्याचं सव्वीस-सत्तावीस असेल. सरावापासून तो मला ताई म्हणायचा आणि मी त्याला दादा म्हणायचे. वयाने लहान असला तरी दोरीवर तोच मोठा.

उतरणं सोपं गेलं. खरंच सांगते, फार सोपं. वरून १२ मीटरवर रीबिले होतं, तिथे मिस्टर आधीच उतरून गेलेले असल्याने मी ते पाहून ठेवलं होतं. दादा बाजूच्या अरुंद टप्प्यावर स्वतःला अडकवून बसला होता. त्याने एकेक पायरी सांगितली, मी ती केली आणि खाली गेले. ओला खडक दिव्यात चमकत होता. तळाशी पोचून दोरीतून सुटले आणि "रोप फ्री!" असं ओरडले तेव्हा आवाज गोल फिरून परत आला.

खाली आम्ही चौघांनी एक मिनिट दिवे बंद केले. डोळ्यांसमोर स्वतःचा हात धरला, तोही दिसेना. गावाकडचा अंधार मला माहीत आहे, लोडशेडिंगचाही माहीत आहे. पण त्यात डोळे हळूहळू सरावतात. इथे डोळे सरावत नाहीत, कारण सरावायला प्रकाशच नाही. कुठेतरी पाण्याचा एक-एक थेंब पडत होता, एवढंच.

स्टेशनवर अडकले

परत निघाले तेव्हा साडेसात वाजले होते. पहिल्या वीस बैठका झोकात झाल्या. तिसाव्या-पस्तिसाव्याला हात भरून आले. सरावात दादाने दहादा सांगितलं होतं, "ताकद पायांची लावा, हात फक्त तोल सांभाळायला." पण घाबरलं की माणूस हातानेच धरतो ना! मी दोरी ओढत, धापा टाकत कशीबशी रीबिलेपर्यंत पोचले. कमरेची दोरी कडीला अडकवली. जुमार वरच्या दोरीवर घेतलं. आता क्रोल खालच्या दोरीवरून काढून वरच्या दोरीवर लावायचं, की झालं.

क्रोल उघडेना.

अंगठ्याने खटका दाबला, ओढला. उघडेना. पुन्हा ओढला. बोटं सोलवटली. खाली १८ मीटर अंधार. दादा हाताच्या अंतरावर, त्याच्या हेल्मेटचा दिवा थेट माझ्या तोंडावर. खालून मिस्टरांचा आवाज, "अगं, सोपं आहे ते! आधी उभी राहा!" त्याच्या पाठोपाठ कोणाचं तरी हसणं. ते हसणं वाईट नव्हतं, मला आता कळतंय. पण तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वयाच्या चौतिसाव्या वर्षी, हेल्मेट घालून, दोरीला लटकत मी रडत होते. आणि तुम्हाला खोटं वाटेल, त्या क्षणी मला गुहा दिसत नव्हती. मला फळा दिसत होता.

दादाने खालच्यांना एवढंच सांगितलं, "कोणी बोलू नका."

मग त्याने स्वतःचा दिवा बाजूच्या भिंतीकडे वळवला. माझ्या तोंडावरचा उजेड गेला.

"ताई, क्रोलला हात लावू नका. एक मिनिट नुसत्या बसा. पाय तेवढे हलवत राहा." दोरीवर निश्चल लटकून राहणं धोक्याचं असतं, हे सरावात शिकवलं होतं.

"अरे, उघडतच नाहीये!"

"उघडत नाहीये ते चांगलंच आहे. मला एक सांगा, आत्ता तुमचं वजन कशावर आहे?"

मी बघितलं. "क्रोलवर."

"मग ते कसं उघडेल? वजन असताना उघडलं असतं तर?"

मी खाली बघितलं आणि गप्प बसले.

"ते बिघडलेलं नाहीये. ते तुम्हाला धरून बसलंय. आधी त्याच्यावरचं वजन काढू. पाय कुठे आहेत तुमचे?"

माझे पाय समोर खडकाला टेकवलेले होते. त्यामुळे उभं राहायला गेलं की मी मागे कलंडत होते आणि सगळा भार हातांवर येत होता.

"टाचा बुडाखाली घ्या. खुर्चीतून उठतो तसं. घाई नाही. मला पहिल्या वेळी इथे वीस मिनिटं लागली होती."

पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा अर्धवट उठले. तिसऱ्यांदा टाचा खाली घेतल्या, पायांवर उभी राहिले आणि क्रोल एका बोटाने उघडलं. अगदी टकदिशी. वरच्या दोरीवर लावलं, बसले, कमरेची दोरी काढली, दादाने तपासलं. उरलेल्या चाळीस बैठका मी मोजत मोजत पूर्ण केल्या. वर आले तेव्हा वाटाड्याने थर्मासमधला लाल चहा हातात दिला. मी 'खुबलेई' म्हणाले, म्हणजे धन्यवाद. बाकी बोलायला जमलंच नाही.

रात्री झोप येईना. दादाला हात पुढे करून मला मदत करता आली असती. त्याने ती केली नाही. "सोपं आहे" असंही तो एकदाही म्हणाला नाही. त्याने आधी खालच्यांना गप्प केलं, दिवा वळवला आणि मग एक प्रश्न विचारला. आणि मी? चाळीस डोळे जिच्यावर रोखलेले होते, तिला मी विचारलं होतं, लक्ष कुठे असतं तुझं.

सुट्टीनंतर

शाळा उघडली. सुमन आली, पण मागच्या कोपऱ्यात बसली. मी तिला फळ्याजवळ बोलावलं नाही. मधल्या सुट्टीत काड्यांचे गठ्ठे घेऊन तिच्याशेजारी सतरंजीवर बसले. आधी म्हणाले, "त्या दिवशी मी सगळ्यांसमोर तुला बोलले, ते माझं चुकलं." ती काड्यांकडे बघत राहिली. वहीत तेच उदाहरण लिहिलं आणि विचारलं, "इथे नेमकं कुठे अडतं गं?"

बराच वेळ ती काही बोलली नाही. मीही बोलले नाही. मला ते फार जड गेलं, कारण गप्प बसायची आपल्याला सवयच नसते.

मग ती हळूच म्हणाली, "बाई, शेजाऱ्याकडं शून्य आहे. त्याच्याकडंच काही नाही तर त्याच्याकडं उसनं कसं मागायचं?"

मी थक्क झाले. तिचं चुकलंच नव्हतं. 'उसने घे' हा शब्द माझा होता. ज्या घरात महिनाअखेरीला शेजारी तेल-मीठ मागायला जावं लागतं, त्या घरातल्या पोरीला उसनवारीचे नियम माझ्यापेक्षा चांगले माहीत होते. ज्याच्याकडे नाही त्याच्याकडे मागायचं नसतं. आणि घेतलेलं परत करायचं असतं, ते तर मी कधी करतच नव्हते! तिचं सगळं वजन त्या एका शब्दावर होतं, आणि मी तिला वजाबाकी उघड म्हणत होते.

"उसनं नाही गं," मी म्हणाले, "सुटे करायचे. दुकानात शंभराची नोट दिली की?"

"दहाच्या दहा नोटा."

"आणि दहाची एक नोट मोडली की?"

"एकेक रुपयाची दहा नाणी."

शतकाचे चार मोठे गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या तिच्यासमोर ठेवल्या. तिने शतकाचा एक गठ्ठा सोडला, दशकाचे दहा झाले. त्यातला एक सोडला, दहा काड्या सुट्या झाल्या. आता तीन शतकं, नऊ दशकं, बारा एकक. मोजून बघितलं, ४०२ च होते, एक काडी कमी नाही की जास्त नाही. बारातून आठ गेले चार, नवातून सात गेले दोन, तिनातून एक गेला दोन. २२४. उत्तर लिहून तिने स्वतःच पुढचं उदाहरण मागितलं.

फळ्याजवळ यायला ती अजूनही लाजते. मी आग्रह करत नाही. वहीत करते, मला आणून दाखवते. मधल्या सुट्टीत मुलगा-मुलगी कोणी काड्यांचा डबा काढून बसलेले दिसले की त्यात ती असतेच.

मित्रांनो, 'उसने घेणे' हा शब्द आपल्यापैकी अनेकांच्या तोंडी आहे. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही, आपणही तसंच शिकलो. पण शून्य आलं की तो अडतो, एवढं बघून ठेवा. त्या जागी 'सुटे करणे' वापरून पाहा आणि काय अनुभव येतो ते कळवा.

आणि तुमच्या वर्गात कोणी अडलं असेल, तर त्याच्याकडून उत्तर काढून घेण्याआधी जरा थांबा. बाकीच्यांना त्यांचं काम द्या, म्हणजे सगळे डोळे त्याच्यावर राहणार नाहीत. मग शेजारी बसून विचारा की नेमकं कुठे अडतंय. आणि उत्तर यायला वेळ लागला तर लागू द्या. मला तर दोरीवर तीनदा उठावं लागलं होतं.